आकडे लिहायचे आपण, वाचायचे कुणी?

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात रोज किती बायका आकडे लिहितात, याचा कधी विचार केलाय? अंगणवाडीतल्या ताई पोरांची वजनं घेऊन वहीत मांडतात. आशाताई घरोघर फिरून कुणाला कितवा महिना, कुणाची लस राहिली, कुणाचा ताप उतरत नाही, ते टिपतात. बचत गटाची सचिव हप्ता, व्याज, दंड असा सगळा हिशेब पानावर उतरवते. सकाळी डेअरीवर दूध घालणारी बाई फॅट किती लागली त्याची चिठ्ठी घरी आणून डब्यात ठेवते आणि दुधाचा पगार झाला की ताडून बघते. अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत, आपल्या चौदा तालुक्यांत हे काम अखंड चालू असतं. बरंचसं बायकांच्याच हातून होतं.

मग पुढे काय होतं? वही भरली की वर जाते. आता पुष्कळ ठिकाणी मोबाईलवरच माहिती भरायची असते. तिथून ती तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला पोचते. आणि एक दिवस कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी संगणकावर ते आकडे उघडतं आणि त्यांना प्रश्न विचारायला बसतं. हे असं का झालं? इथे जास्त आणि तिथे कमी का? पुढच्या वर्षी काय होईल? या कामाला संशोधन म्हणतात. त्याला दरमहा पैसे मिळतात आणि त्यावर पीएचडी होते.

ते ‘कुणीतरी’ म्हणजे आपल्या पाथर्डीची, श्रीगोंद्याची, कोपरगावची मुलगी का असू नये, एवढाच आजचा विषय.

जामखेडचं उदाहरण घ्या

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यातलं पाहू. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडली आणि तिला आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात कोण गरोदर आहे, कुणाचं मूल दगावलं, कुणाचं वजन वाढत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसे. त्यांनी सांगायचं आणि त्याची नोंद व्हायची. १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९०च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले.

आता यातला पुढचा भाग लक्षात घ्या. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जामखेडवर एक अभ्यास छापून आला. जिथे हे काम झालं ती गावं आणि जिथे झालं नाही ती आसपासची गावं, अशी त्यात तुलना होती. बायकांना त्यांच्या बाळंतपणांची माहिती विचारली गेली आणि संख्याशास्त्राच्या पद्धतीने ती तपासली गेली. ज्या गावांत काम झालं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू खरोखरच कमी निघाले. या अभ्यासात लंडनच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. त्यांनी चांगलंच काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माहिती दिली ती आपल्या आयाबायांनी, गावं आपली, मुलं आपली. अशा अभ्यासाच्या टेबलाशी बसून ‘अहो, हाही प्रश्न विचारा की’ म्हणणारी आपली एखादी लेक तिथे असती, तर किती बरं झालं असतं!

कारण प्रश्न कोण विचारतं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं रक्त कमी का असतं, हे विचारायचं तर कोयत्याबरोबर घर कसं हलतं, सकाळी किती वाजता उठावं लागतं, उचल म्हणजे काय, हे माहीत असावं लागतं. टँकर आला की हंडे भरायला शाळेतली कुठली मुलगी घरी थांबते, हे जिच्या घरी टँकरची वाट बघितली गेली तिलाच पहिल्यांदा सुचतं. आकडे सगळ्यांना सारखेच दिसतात. त्यांना काय विचारायचं, ते मात्र ज्याच्या-त्याच्या अनुभवातून येतं.

‘डेटा’ म्हणजे काय मोठंसं?

हा शब्द ऐकला की पुष्कळ जणी बिचकतात. वाटतं, हे बंगलोर-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचं काम. पण डेटा म्हणजे नोंदी. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजतात आणि किती पाणी आलं, किती उरेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. मग कोणती पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. पाऊस कमी तर पाणी पिणाऱ्या पिकांना नकार. पावसाचा आकडा हा डेटा, आणि त्यावरून निर्णय घेणं हे त्याचं शास्त्र.

तेच काम हजारो गावांसाठी, शंभर वर्षांच्या नोंदी घेऊन करायचं तर वही पुरत नाही, संगणक लागतो. तिथे गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र शिकलेल्या मुलींची गरज लागते. आणि ही गरज आता प्रत्येक विज्ञानशाखेला आहे. शेतीला आहे, हवामानाला आहे, वैद्यकाला, औषधनिर्मितीला, खगोलशास्त्राला, अगदी पुलांच्या आणि मोटारींच्या अभियांत्रिकीलाही आहे. पूर्वी विज्ञानात पीएचडी म्हटलं की प्रयोगशाळेत रात्री-अपरात्री थांबणं आलं आणि घरचे तिथेच नाही म्हणायचे. या कामात पुष्कळसा भाग एका संगणकावर होतो. कोर्सवर्क, चर्चा, गाठीभेटी यांसाठी संस्थेत जावं लागतंच, पण गावाकडच्या मुलीला हे क्षेत्र पूर्वीइतकं दूर राहिलेलं नाही.

आपल्यापैकीच एकीचं नाव सांगते. डॉ. सुलोचना गाडगीळ. २०२५च्या जुलैमध्ये त्या गेल्या. पुण्यात वाढल्या, गणितात एमएस्सी केलं, पती माधव गाडगीळ यांच्याबरोबर अमेरिकेत हार्वर्डला गेल्या आणि १९७० मध्ये तिथून पीएचडी घेतली. परत येऊन आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि मग बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केला. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, तो उपग्रहाच्या रोजच्या रोज आलेल्या चित्रांवरून ढगांचा पट्टा कसा सरकतो ते शोधणारा होता. पुढे त्या आंध्र-कर्नाटकच्या कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसल्या. भुईमूग नेमका कधी पेरावा, याचं उत्तर पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं गणित एकत्र मांडून शोधलं. २००६ मध्ये त्यांनी आपल्या गणितज्ञ मुलाबरोबर, सिद्धार्थबरोबर दाखवून दिलं, की मोठा दुष्काळ पडला की देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्क्यांचा फटका बसतो. आई आणि मुलाने मिळून लिहिलेला शोधनिबंध! संसार आणि संशोधन यांचं वैर असतं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

जागा असतात कुठे?

नोकरीची जाहिरात जशी पेपरात येते, तशा या जागा बहुतेक वेळा येत नाहीत. म्हणूनच आपल्या मुलींना त्या दिसत नाहीत. हुशारी कमी पडते म्हणून त्या मागे राहतात असं मुळीच नाही. बातमीच पोचत नाही, त्याला काय करणार?

आधी जवळचं बघू. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. पिकांच्या चाचण्या, पाण्याचं व्यवस्थापन, जमीन, हवामान, यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तिथे होतात. हवामानाला तोंड देणारी शेती आणि पाणी व्यवस्थापन यांवर तिथे ड्रोन, सेन्सर वापरून काम झालेलं आहे. अशा प्रकल्पांमध्ये ठरावीक मुदतीसाठी संशोधन सहाय्यक आणि फेलो घेतले जातात. नगरलाच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई आहे. अभियांत्रिकीच्या मुलींनी तिच्या जेआरएफच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मान्यता असलेली संशोधन केंद्रंही जिल्ह्यातल्या काही महाविद्यालयांत आहेत. तिथे घरी राहूनसुद्धा पीएचडी करता येते.

जरा पुढे पुण्यात गेलं तर पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था आहे, रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आयसर आहे. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे. या केंद्राची महादुर्बीण, ३० मोठ्या तबकड्यांची, आपल्या पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडदला उभी आहे. तबकड्या रात्रंदिवस आकाशातून जे टिपतात, ते सगळे आकडेच असतात. मुंबईला देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाची मोठी कुटुंब आरोग्य पाहणी हीच संस्था करते आणि तिथे लोकसंख्या व जैवसंख्याशास्त्रात पीएचडी करता येते. पवईला आयआयटी आहे, तिथे डेटा आणि यंत्रबुद्धीचं वेगळं केंद्रही आहे.

शोधायच्या कशा?

पहिली गोष्ट, ‘पीएचडी करायचीय’ असं म्हणून सुरुवात करू नका. ‘मला हे कळून घ्यायचंय’ असं म्हणा. विषय ठरला की माणसं सापडतात. ‘शोधगंगा’ नावाच्या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध फुकट वाचायला ठेवलेत. तिथे आपला विषय टाका. कुणी, कुठे, कुणाच्या मार्गदर्शनाखाली त्यावर काम केलं, हे अर्ध्या तासात कळतं. त्यातल्या दहा मार्गदर्शकांची नावं वहीत उतरवा. मग त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन ते आता काय करतात, कुणाला निवृत्ती आली, कुणाकडे नवा प्रकल्प आहे, ते बघा.

दुसरी गोष्ट, प्रकल्पाच्या जागा. केंद्र सरकारच्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांना प्रकल्पासाठी पैसे मिळाले, की ते ज्युनियर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट अशी माणसं घेतात. त्याच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर ‘करिअर’ किंवा ‘रिक्रूटमेंट’च्या पानावर येतात. अर्जाची मुदत पंधरा दिवसांची, कधी तर थेट अमुक तारखेला मुलाखतीला या, असंच लिहिलेलं असतं. म्हणून दर सोमवारी ठरवून पाच-सहा संस्थांची पानं उघडायची सवय लावा. ही जागा कायमची नसते, सहा महिने ते तीन वर्षं चालते. पण तिथे काम शिकता येतं, माणसं भेटतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यावरच पुढे पीएचडीची नोंदणी करता येते. घरच्यांना आधी तसं स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर ‘ही कसली नोकरी’ असं ऐकून घ्यावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, पत्र. हो, ई-मेल म्हणजे पत्रच. ‘आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करायची इच्छा आहे’ असं एकच पत्र पन्नास जणांना पाठवलं तर कुणी उत्तर देत नाही. अशी पत्रं त्यांना रोज येतात. त्या शास्त्रज्ञाचे दोन शोधनिबंध वाचा. नाही कळलं सगळं तरी चालेल, जे कळलं त्यावर एक प्रश्न विचारा. आपल्याला काय येतं, ते दोन ओळींत लिहा. आपण स्वतः केलेलं एखादं लहानसं काम जोडा. दहा जणांना लिहिलं तर एक-दोघांचं उत्तर येईल. न आलेल्या आठ उत्तरांचं मनाला लावून घेऊ नका.

लहानसं काम म्हणजे काय? हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचे आकडे सगळ्यांसाठी फुकट खुले केलेत. त्यातून आपला जिल्हा वेगळा काढा. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी-कर्जत आभाळाकडे डोळे लावून असतात. पावसाळ्यात सलग कोरडे दिवस किती पडतात? आजोबांच्या काळापेक्षा आता ते वाढलेत का? पेरणी झाल्यावर जी दडी बसते ती कुठल्या पंधरवड्यात? दोन महिने संध्याकाळी बसलं तर एमएस्सीची मुलगी यावर चार पानं लिहू शकते. ती चार पानं गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात. कुटुंबांचा खर्च, रोजगार यांच्या सरकारी पाहण्यांचे आकडेही केंद्राच्या सांख्यिकी खात्याकडून नोंदणी करून फुकट मिळतात.

संगणकाची भाषा येत नाही? ‘स्वयं’ आणि ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या शिक्षकांचे वर्ग फुकट आहेत. पायथन, आर, संख्याशास्त्र, सगळं आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची, नुसतं शिकायला काही लागत नाही. बहुतेक वर्ग इंग्रजीत आहेत, हे खरं. पण आकड्यांच्या कामात लागणारं इंग्रजी हे कादंबरीतलं इंग्रजी नव्हे. दोनशे-तीनशे शब्द पक्के झाले की गाडी चालू लागते.

पैशाचं काय?

आता घरातला खरा प्रश्न. ‘अजून शिकायचं? मग कमवायचं कधी?’

मैत्रिणींनो, विज्ञान-अभियांत्रिकीत चांगल्या ठिकाणी पीएचडी करताना घरून पैसे आणावे लागत नाहीत, उलट मिळतात. गणित, संख्याशास्त्र, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा असते. संगणकशास्त्र, लोकसंख्याशास्त्र यूजीसी नेटमध्ये येतं. त्यात जेआरएफ मिळाली, की पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, हा दर २०२३ पासून लागू झाला. घरभाड्याचा भत्ता वेगळा. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची आहे, बायकांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, मात्र ते गुण वर्षभरच चालतात. अभियांत्रिकीच्या मुलींसाठी गेट आहे, तिला वयाची अट नाही आणि गुण तीन वर्षं चालतात.

विद्यापीठात आपल्या विषयात पहिली आलेल्या मुलीला ‘इन्स्पायर’ फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएचडी करणाऱ्यांना पैसे देतात. आणि ज्यांचं शिक्षण मध्येच थांबलं, त्यांच्यासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘वाईज’ योजना खास बायकांसाठी आहे. त्यातली पीएचडीची फेलोशिप २७ ते ४५ वयापर्यंत आहे. यातल्या अटी आणि जागा वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, शेजारणीच्या सांगण्यावर विसंबू नका. आणि एक खरं तेही सांगते. हे पैसे कधीकधी काही महिने रखडतात. तेव्हा पहिल्या वर्षासाठी थोडी शिल्लक गाठीला असलेली बरी.

परदेशाचाही रस्ता याच अंगाने जातो. युरोपातल्या बऱ्याच देशांत पीएचडी ही पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. ‘युरॅक्सेस’ या युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर अशा जाहिराती कुणालाही फुकट वाचता येतात. त्यासाठी एजंटच्या दुकानात जाऊन पैसे मोजायची काहीएक गरज नाही.

आणि लग्न?

हा विषय टाळून चालणारच नाही. ‘पीएचडी झाली तर तिच्या तोलामोलाचा मुलगा कुठून आणायचा?’ हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर आपल्या भागात शोधावं लागेल. मुलगी एमएस्सी होते, डोळ्यांत काहीतरी असतं, आणि त्याच उन्हाळ्यात बघायचे कार्यक्रम सुरू होतात. लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि नोंदणी केलेली असली तरी तिथेच सुटते.

पण नियम काय सांगतात, ते किती जणींना माहिती आहे? यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला एरवी सहा वर्षांची मुदत आहे, ती आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकते. बायकांना त्यावर अजून दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण दहा. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. नोकरी करत असाल तर मालकाचं ना हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदलावं लागलं, तर तोवर केलेल्या संशोधनाची सगळी माहिती घेऊन नव्या गावच्या संस्थेत जाता येतं. जुन्या संस्थेचं आणि मार्गदर्शकाचं श्रेय मात्र द्यावं लागतं. यात एक अडचण आहे. तुमचं काम संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातलं असेल, तर ही सवलत लागू होत नाही. म्हणून विषय घेतानाच मार्गदर्शकांना विचारून ठेवा, ‘सर, उद्या मला गाव बदलावं लागलं तर?’ हे विचारण्यात लाज कसली?

लग्नाच्या बोलणीत मानपान, हॉल, साड्या, सगळं ठरतं. त्याच बैठकीत मुलीची पीएचडी पुढे चालू राहील, हेही वडिलांनी बोलून घ्यावं. आणि सासूबाईंनाही एक विनंती. ‘आमची सून डॉक्टर आहे’ असं चारचौघींत सांगायला उद्या तुम्हालाच आवडणार आहे. तेव्हा आज तिचे दोन तास, दाराला कडी लावून का होईना, तिला द्या.

सावध राहा

जिथे गरज असते तिथे ठग पोचतातच. ‘प्रबंध लिहून देऊ’, ‘सहा महिन्यांत पीएचडी’, ‘घरबसल्या परदेशी विद्यापीठाची पदवी’, अशी कार्डं आता आपल्या गावांतही फिरू लागलीत. खासगी कंपन्यांमार्फत परदेशी संस्थांच्या ज्या ऑनलाइन पीएचडी विकल्या जातात, त्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसीने २०२२ मध्येच दिला. २०२५च्या जानेवारीत राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश बंद केले गेले, कारण नियम धाब्यावर बसवून पदव्या दिल्या गेल्याचं आढळलं. पैसे घेऊन चार दिवसांत शोधनिबंध छापणारी नियतकालिकंही तशीच. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, अशी सक्ती आता यूजीसीच्या नियमांत नाही. आपल्या विद्यापीठाची स्वतःची काही अट आहे का, ते कार्यालयात विचारा आणि मगच पाऊल उचला. मार्गदर्शक निवडतानाही त्यांच्या हाताखालच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थिनींशी गुपचूप बोलून घ्या. सर वेळ देतात का, वागायला कसे आहेत, पीएचडी किती वर्षांत होते, हे संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं. त्या मुलींना ते माहीत असतं.

आणि हा लेख वाचणाऱ्या सगळ्याच जणी काही एमएस्सी, बीई नसतील. पण तुमच्या घरात, वाड्यात, शेजारी एखादी असेलच. संख्याशास्त्र घेतलेली, संगणकाची पदवी घेऊन दोन वर्षं खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारी, ‘आता काय उपयोग’ म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकलेली. तिला हे पान दाखवा. येत्या सोमवारी तिच्याबरोबर बसा. तिच्या हातात मोबाईल द्या, स्वयंपाकाचं तुम्ही बघा, आणि तिला म्हणा, ‘बाई गं, ती दहा नावं तेवढी वहीत उतरवून काढ.’